वजन उतरवायचंय? मग आधी सोबतीण शोधा

 

गटाच्या बैठकीत बचत गोळा होते, कर्जाचं बोलणं होतं, वही मिटते. मग बायका चपला घालायला लागतात आणि तेवढ्यात एखादी हळूच म्हणते, "ताई, वजन लई वाढलंय हो. गुडघं धरतंय. काय करावं?" गावोगाव आम्हाला हा प्रश्न असाच विचारला जातो, बैठक संपल्यावर आणि दबक्या आवाजात. म्हणून आज तो आम्ही मोठ्या आवाजात घ्यायचं ठरवलंय.

काय खावं नि काय खाऊ नये, हे तुम्हाला बरंच ठाऊक असतं. साखर कमी, तेल कमी, चालणं जास्त, एवढं आता सातवीतली पोरसुद्धा सांगते. घोडं अडतं ते दुसरीकडंच. आठ दिवस सगळं जमतं, नवव्या दिवशी घरात पाहुणे येतात आणि बाराव्या दिवशी आपणच म्हणतो, "जाऊ दे, आपल्याच्यानं नाही होणार." हे का होतं आणि तेव्हा आधार कुठून घ्यायचा, यावर आज बोलू.

दिवसभर राबतो, तरी वजन का वाढतं?

"आम्ही काय बसून खातो का?" हे आम्ही कितीदा ऐकलंय. खरंच आहे, बसून कुणीच खात नाही. पण थोडं मागं वळून बघू या. दळण जात्यावरून गिरणीवर गेलं. पाणी विहिरीवरून नळाला आलं. चुलीसाठी लाकूडफाटा गोळा करायला जाणं कमी झालं आणि शेतावर जायला गाडी आली. हे चांगलंच झालं, कंबरडं मोडणारी ती कामं परत यावीत असं कुणीच म्हणणार नाही. पण कामातले कष्ट घटले आणि ताटातलं माप तेच राहिलं. शिवाय शेतातलं काम हंगामाचं. खुरपणी-काढणीला जीव जातो आणि मधले महिने तसे हलके जातात.

त्यात घराघरात चहा वाढला. हिशोब तुम्हीच करा. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर आणि एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. दिवसाचे ४० ग्रॅम झाले, महिन्याचे १ किलो २०० ग्रॅम. एका बाईच्या पोटात, नुसत्या चहातून! वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा आणि २५ ग्रॅमच्या आत आली तर अधिक चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एक गैरसमजही दूर करू. "ऑपरेशन झालं आणि मी सुटले," असं बऱ्याचजणी म्हणतात. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनात नळ्या बंद करतात, त्यानं अंगावर चरबी चढत नाही. पण ते ऑपरेशन होतं बाळंतपणानंतर. अंगावर पाजत असताना जास्त खाल्लेलं असतं, वय तिशीकडं झुकलेलं असतं आणि वजन नेमकं तेव्हाच वाढतं. मग दोष ऑपरेशनवर जातो.

ही गोष्ट एकट्यादुकट्या बाईची नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बायकांचं वजन हवं त्यापेक्षा जास्त निघालं. म्हणजे चौघींत जवळपास एक. त्याच सर्वेक्षणात ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा. अंग भरलेलं दिसतं म्हणून रक्त भरलेलं असतं असं नाही.

माप कंबरेचं घ्या

वजनाचा काटा बघायच्या आधी शिवणाची टेप घ्या. सरळ उभं राहून, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीला कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही हद्द धरतात. त्यापुढं गेलं की साखर आणि बीपीचा धोका वाढत जातो. आशाताई ३० वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यातही कंबरेचं माप असतं आणि आठवड्याला १५० मिनिटं तरी हालचाल होते का, हा प्रश्नही असतो. आशाताई टेप घेऊन आल्या की लाजू नका, माप विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

उतरवायचं किती? सिनेमातल्या नटीएवढं बारीक व्हायचं नाहीये. ७० किलोच्या बाईनं साडेतीन किलो उतरवलं, म्हणजे शंभरात पाच, तरी बीपी आणि साखरेवर चांगला परिणाम दिसू लागतो. गुडघ्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत गुडघेदुखीच्या वयस्क रुग्णांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. महिन्याला एक ते दोन किलो, याहून घाई नको.

एकटीनं, गुपचूप केलं की काय होतं

आमच्या एका गटातल्या ताईंनी असंच मनावर घेतलं. एका लग्नात कुणीतरी चारचौघांत त्यांच्या अंगावरून बोललं आणि ते त्यांना लागलं. त्यांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही, गटात तर नाहीच नाही. सकाळचं जेवण बंद केलं. दुपारी अर्धी भाकरी आणि रात्री नुसता चहा. घरच्यांना म्हणायच्या, "मी मघाशीच जेवले." दीड महिना असा गेला. वजन उतरलं आणि बघणारे म्हणाले, "वा, बारीक झालीस!" मग एक दिवस कांद्याच्या खुरपणीत, भर उन्हात त्यांना भोवळ आली आणि त्या सऱ्यांमध्येच आडव्या झाल्या. शेजारच्या वावरातल्या बायकांनी पाणी मारलं, सावलीला नेलं. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं.

त्या बऱ्या झाल्यावर आम्ही भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर हसल्या असत्या सगळ्या." आम्हाला वाटतं, या एका वाक्यात सगळं आलं. त्या ताईंची जिद्द कमी नव्हती, दीड महिना उपाशी राहायला काय कमी जिद्द लागते? त्यांना हवं होतं असं एक माणूस, ज्याला सांगितलं तर ते हसणार नाही आणि वेळेला म्हणेल, "अगं, हे चुकतंय, जेव आधी."

आपल्याकडं बाईच्या अंगावर बोलायला सगळ्यांना मोकळीक असते. बारीक असली तर "सासरी खायला देत नाहीत का?" आणि भरली तर "खात्यापित्या घरची दिसतेय." या बोलण्याला भिऊन बाई लपते. लपून केलेली गोष्ट अर्ध्यात सुटली तर विचारणारं कुणी नसतं, आणि अंगाशी आली तर सावरणारंही कुणी नसतं.

घरात साथ कशी मागायची?

ताटात काय पडतं हे एकट्या बाईच्या हातात नसतं. किराणा नवरा आणतो, चव सासरे ठरवतात, पोरांना फरसाण लागतं आणि बाई सगळ्यांच्या मागून जेवते. म्हणून घरात निदान एका माणसाला तरी आपल्या बाजूला घ्यायचं. पण "मला वजन कमी करायचंय, मदत करा" एवढंच म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. मागणं नेमकं हवं.

नवऱ्याला सांगा, "अहो, बाजारातून येताना माझ्यासाठी भजी-फरसाण आणू नका. आणायचंच तर काकडी आणा, पेरू आणा." किंवा असं सांगा, "सकाळची धार आठवड्यातून पाच दिवस तुम्ही काढा. तेवढ्यात मी चालून येते." सगळ्यात मोठी मदत वेळेची असते. बाईला अर्धा तास मोकळा मिळाला नाही तर बाकीचे सल्ले वाया जातात.

सासूबाईंशी बोलताना त्यांचंही दुखणं धरून बोला. "आत्या, तुमचं बीपी आणि माझे गुडघे, दोघींसाठी भाजीत तेल जरा कमी टाकू या का? चवीला लसूण वाढवते." वेगळं शिजवणार म्हटलं की भांडण होतं. सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक, पण थोडा हलका, हे बहुतेक घरांत चालून जातं. तेलाचा अंदाज घ्यायला सोपा हिशोब आहे. माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास तेल पुरे, असं आहारतज्ज्ञ सांगतात. घरात पाच माणसं असतील तर अडीच लिटर. आपल्याकडं महिन्याला किती पिशव्या लागतात, ते मोजून बघा. लेकीला नाहीतर सुनेला त्याचा हिशोब ठेवायला सांगा, पोरी अशी कामं हौसेनं करतात.

आता उरलंसुरलं खायची सवय. "अन्न टाकू नये" हा संस्कार चांगलाच आहे. म्हणून पोरांच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यातला वाटीभर भात, सगळं आईच्या पोटात जातं. मैत्रिणींनो, अन्न वाया जाऊ द्यायचं नाही, पण आपलं पोट म्हणजे काही उकिरडा नव्हे. पीठ मोजून घ्या. उरलेली भाकरी सकाळी चुरून फोडणीला टाका, नाहीतर म्हशीच्या पाटीत जाऊ द्या. आणि जमेल तेव्हा सगळ्यांबरोबर बसून जेवा. आपलं ताट वेगळं वाढून घेतलं की किती खाल्लं ते डोळ्यांना दिसतं.

खाणं मात्र तोडायचं नाही. भाकरी एक कमी करा आणि तिच्या जागी मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, ताक, एखादं अंडं घ्या. तांदूळजा, चाकवत, घोळ, शेपू अशा पालेभाज्या भरपूर घ्या. रक्तासाठीही त्या हव्यातच, वर लिंबू पिळा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि वेफर्स खाल्ले तर "एकादशी आणि दुप्पट खाशी" होतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

चालायला जोडीदारीण

आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगानं. एकदम अर्धा तास नसेल तर दहा दहा मिनिटं तीनदा चाललं तरी चालतं.

गावात चालायला निघणं सोपं नसतं. "कुठं निघाल्या एवढ्या सकाळी?" असं चार ठिकाणी विचारतात. अंधार असतो, कुत्री असतात, रस्त्यावर ट्रॅक्टर असतात. एकटीला अवघड जातं, पण तिघी निघाल्या की विचारणारे आपोआप कमी होतात. म्हणून दोघीतिघींचं जुळवा. जोडीदारीण शक्यतो जवळच्या आळीतली आणि साधारण आपल्याच वेगाची असावी. वेळ आणि जागा ठरलेली हवी, शाळेचं मैदान म्हणा, देवळाचं आवार म्हणा, नाहीतर ओढ्याकडची वाट. आणि नियम एकच, ज्या दिवशी यायचं नाही त्या दिवशी आधी निरोप द्यायचा. आपली कुणीतरी कोपऱ्यावर वाट बघतेय, एवढ्यानंच पाय अंथरुणातून बाहेर पडतात. नुसत्या मनाच्या जोरावर रोज पहाटे उठणाऱ्या बाया फार थोड्या असतात.

गटाच्या बैठकीत दहा मिनिटं

साठ वर्षांपूर्वीची एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात जीन नायडेच नावाची एक गृहिणी होती. तिचं वजन खूप वाढलं म्हणून ती शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात जायला लागली. तिथं आहार नीट सांगत होते, पण ती घरी लपूनछपून बिस्किटं खायची आणि तिथं ते सांगायची तिला लाज वाटायची. शेवटी १९६१ साली तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढं सगळं सांगून टाकलं. तेव्हा कळलं, की त्याही तेच करत होत्या! मग त्या दर आठवड्याला जमायला लागल्या आणि बायका वाढत गेल्या. त्यातूनच १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली आणि पुढं देशोदेशी पोचली.

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला हसू आलं. आठवड्याची बैठक, दहाबारा ओळखीच्या बायका, एक वही आणि एकमेकींवर भरवसा, हे तर आपल्याकडं गटात आधीपासून आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सूत्रही आहे. बैठकीत ते वाचलं जातं, पण त्याला वेळ फारसा मिळत नाही. म्हणून ज्या गटांना इच्छा आहे, त्यांनी बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं द्यावीत. आमच्या काही गटांत हे सुरू आहे. तिथले नियम असे:

१. कुणाचंही वजन मोठ्यानं वाचायचं नाही. ज्याचं त्याचं वजन ज्याच्या त्याच्या वहीत. बचतीची रक्कम सगळ्यांना कळते, तसं वजनाचं करायचं नाही.

२. स्पर्धा नाही आणि दंड नाही. उशिरा येणाऱ्याला दंड ठीक आहे, वजन न उतरलेल्याला नाही.

३. अंगावरून विनोद नाही. कुणी केला तर अध्यक्षांनी तिथंच थांबवायचा.

४. प्रत्येकीनं तीन गोष्टी सांगायच्या. या आठवड्यात काय जमलं? कुठं अडलं? पुढच्या आठवड्यात कोणती एकच गोष्ट करणार?

५. इथं बोललेलं इथंच राहणार. पाणवठ्यावर नाही, जावेच्या कानात नाही.

सगळ्यात जास्त उपयोग "कुठं अडलं" या प्रश्नाचा होतो. एकजण म्हणाली, "माझ्या घरी दिवसाला सहा वेळा चहा टाकावा लागतो आणि टाकला की मी पितेच." दुसरीनं सांगितलं, "मी माझा कप अर्धा केलाय, फुलपात्रातून पिते." तिसरी म्हणाली, "मी बिनसाखरेचा चहा आधी गाळून घेते आणि मग बाकीच्यांसाठी साखर घालते." असे उपाय पुस्तकात सापडत नाहीत, ते त्याच अडचणीतून गेलेल्या बाईकडूनच मिळतात.

उत्साह ओसरला की

पहिल्या महिन्यात वजन उतरताना दिसतं आणि हुरूप येतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काटा जागचा हलत नाही. शरीराची ती रीतच आहे. वजन कमी झालं की शरीराला कमी अन्न पुरतं, म्हणून उतरण्याचा वेग मंदावतो. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं, तेव्हा काटा उगाच वर जातो. म्हणून रोज वजन करू नका. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, साधारण तशाच कपड्यांत करा. उपकेंद्रातला काटा चांगला. धान्याच्या दुकानातल्या काट्यावर चारचौघांत उभं राहायची गरज नाही.

काटा हलत नसेल तर दुसऱ्या खुणा बघा. ब्लाउज सैल झाला का? पाण्याची घागर उचलताना दम लागतो का? खाली बसून उठताना हात टेकावा लागतो का? मागच्या वर्षी देवाच्या डोंगरावर चढताना किती ठिकाणी बसलो होतो आणि यंदा किती ठिकाणी? आमच्या एका आत्यांनी वहीत एवढंच लिहिलं होतं, "चैत्रात शिखर शिंगणापूरच्या पायऱ्या चढायच्या." किलोचा आकडा नव्हताच. असं काहीतरी आपलं स्वतःचं कारण हवं. लोकांच्या बोलण्याला उत्तर म्हणून सुरू केलेलं फार दिवस टिकत नाही.

सणवार, लग्नसराई, यात्रा येणारच. होळीला पुरणपोळी खायची, अगदी आवडीनं खायची. एका पोळीनं महिन्याची मेहनत बुडत नाही. ती बुडते दुसऱ्या दिवशीच्या "आता मोडलंच आहे, तर राहू दे" या विचारानं. कर्जाचा एक हप्ता चुकला म्हणून आपण गट सोडतो का? पुढच्या बैठकीला येतो आणि भरतो. इथंही तसंच करायचं.

कुणी थांबायचं, कुणाला विचारायचं

गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी वजन उतरवण्यासाठी खाणं अजिबात तोडायचं नाही. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जेवणात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण खाणं कमी आणि गोळी तेवढीच, असं झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. काही न बदलता वजन झपाट्यानं वाढलं, थकवा राहिला, केस गळायला लागले, पाळी बिघडली, तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. छातीत दुखलं, चालताना भोवळ आली, तर चालणं थांबवा आणि दवाखाना गाठा. आणि सुरुवात करण्याआधी सगळ्यांनीच उपकेंद्रात बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन बघून घ्या.

महिन्यात दहा किलो उतरवतो म्हणून पावडरचे डबे, काढे आणि गोळ्या विकणारे गावात येतात. कधी आपल्याच ओळखीची बाई विकत असते, म्हणून नाही म्हणवत नाही. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही डबा घेऊ नका आणि त्यासाठी गटातून कर्ज तर मुळीच काढू नका.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना तीन कामं करून या. टेप घेऊन स्वतःची कंबर मोजा. घरातल्या एका माणसाकडं एक नेमकी मदत मागा. आणि कुणाबरोबर चालायला जायचं, तिचं नाव ठरवा. बैठकीत वही मिटायच्या आधीच हा विषय काढा, चपला घालेपर्यंत थांबू नका. तुमच्या गटात काय जमलं, कुठं अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण ते सगळ्या मैत्रिणींना सांगू, अर्थात कुणाचंही नाव न घेता.

नमस्कार.